प्रत्येक शब्दामागे एक खाकरणे

मी एक जुना संगणक आहे. माझी लोखंडी पेटी मुळात पांढरी होती. आता तिचा रंग चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखा झाला आहे. सकाळी बटण दाबले की माझा पंखा आधी कण्हतो, मग घरघरतो आणि मग कुठे फिरू लागतो. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर हसाल. हसा. पण माझ्या पोटात काय आहे ते आधी ऐकून घ्या.

माझ्या पोटात दोन घरे आहेत, म्हणजे मला चालवणाऱ्या दोन वेगवेगळ्या प्रणाली. दोन्ही घरांना दार एकच. मला सुरू केले की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येतात आणि मी विचारतो, आज कोणते घर उघडू? पहिले घर उघडले की दुसरे अंधारात जाते. दुसरे उघडले की पहिले नसल्यासारखेच. दोन्ही घरे कधीच एकदम जागी नसतात. एका घरात काय चालले, ते दुसऱ्याला कळत नाही. शेजारच्या बंद खोलीत कोणीतरी राहते, एवढेच काय ते माहीत.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या टेबलावर, वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले भाग जोडून मला उभे केले. जोडणाऱ्याच्या खिशाला कायम तीन-चार पेचकस लटकलेले असत, म्हणून सगळे त्याला पेचमामा म्हणत. माझे मालक पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. लोकांना रंगवलेल्या पाट्या नकोशा झाल्या, छापलेल्या हव्या झाल्या, तेव्हा त्यांनी कुंचला बाजूला ठेवला आणि मला घरी आणले. माझ्या पहिल्या घरात त्यांनी अक्षरे काढण्याचा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, बसवून घेतला. उतारवयात ते माझा उंदीर, म्हणजे माऊस, धरायला शिकले. बोटे कुंचल्याची होती, त्यामुळे उंदीरही ते चिमटीत धरत.

त्यांचा एक नियम होता. अक्षर काठाला टेकू द्यायचे नाही. "कड सोडावी," ते म्हणत. "अक्षरालाही श्वास घ्यायला जागा लागते." त्यांची अक्षरे पडद्यावर उमटताना पाहायला गिऱ्हाइके माझ्यापुढे खुर्च्या ओढून बसत. "काय यंत्र आहे हो!" म्हणत. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग मालकीणबाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. स्वरयंत्रच काढावे लागेल.

मालक दोन दिवस माझ्यापुढे नुसते बसून होते. पडद्यावर एकही अक्षर काढले नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून एक ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, घेऊन आले आणि बाईंना म्हणाले, "बस इथं. बोल."

"काय बोलू?"

"रोज लागतं ते सगळं."

माझ्या पहिल्या घरात आवाज घेताना तो अडखळत होता, मधले तुकडे गळत होते. म्हणून पेचमामाने माझ्या पोटात दुसरे घर बांधले, खास आवाजासाठी. माझी दोन घरे झाली ती अशी, एका बाईचा आवाज ठेवायला जागा हवी म्हणून.

मालक शब्द सांगत, बाई तो उच्चारत. पाणी. मीठ. दार लाव. ये. बस. झोप. ऊन लागेल. शब्द चांगला उमटला की मालक हलकेच खाकरत, "अं-हं." म्हणजे झाले, पुढचा घे. बोलून सांगितले तर त्यांचा आवाज मध्ये येईल, म्हणून ही खूण.

एक दिवस बाई चिडल्या. "अहो, 'मीठ' आणि 'दार लाव' एवढ्यावर मी उरलेला संसार करू होय? एखादा भांडायचा शब्द तरी घाला!"

"कोणता घालू?"

"पुरे!"

"अं-हं," मालक म्हणाले, आणि तो शब्दही माझ्यात आला.

नंतर त्यांनी सगळे शब्द एकेक कापून वेगळे केले. कापताना सवयीने प्रत्येक शब्दाच्या मागे थोडी कड सोडली. पाटी रंगवणारा माणूस. शब्द अगदी काठाशी तोडणे त्यांच्या हाताला जमणारच नव्हते. त्या कडेत त्यांचे खाकरणे राहून गेले.

कळफलकावर त्यांनी बारीक चित्रे रंगवली. माठ म्हणजे पाणी, उशी म्हणजे झोप, उघडा तळहात म्हणजे पुरे. बाई दवाखान्यातून आल्या तेव्हा त्यांच्या गळ्याला समोर एक भोक होते, त्यावर त्या पांढरा फडका बांधत. श्वास तिथूनच जाई-येई. त्यांनी माठाची कळ दाबली. मी म्हणालो, "पाणी. अं-हं." दोघे हसले. हसताना बाईंचा आवाज आला नाही. फडका तेवढा हलला.

"ही कड उद्या कापून टाकतो," मालक म्हणाले.

असे ते बरेच दिवस म्हणत राहिले. मग एका दुपारी, नुकत्याच टांगलेल्या एका पाटीकडे बघत ते समोरच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर घर कसे झाले ते सांगतो. मालक गेले, पण बाई बोलल्या की मागून मालक खाकरत. दूधवाल्याला "बस" म्हटले तरी मागून "अं-हं". पहिल्यांदा आलेला माणूस वळून पाही, आतल्या खोलीत कोण आहे म्हणून. सुरुवातीला बाई काम नसतानाही कळा दाबत. एकटीच बसून, माठ, उशी, दार, पुन्हा माठ. ते पाणी मागणे नव्हते, एवढे मलाही कळत होते. पुढे पुढे त्या कळ दाबण्याआधी थांबू लागल्या. मग बोटांनी खुणा करू लागल्या. शेवटी पाटी-खडू घेतला. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. आपल्याच तोंडाचा शब्द ऐकायला भीती वाटावी, अशी वेळ कोणावर येऊ नये.

मग त्यांची लेक आपल्या मुलीला घेऊन कायमची राहायला आली. लेक कामावर जाई तेव्हा नात आजीपाशी असे. तिला सगळे पिटुकली म्हणत. ती नुकती शब्द जुळवू लागली होती. आजीला पाटीवर लिहून तिच्याशी बोलता येईना, वाचते कुठे ती? मग बाईंनी माझ्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा कळा दाबू लागल्या. पिटुकली माझ्यापुढे बसून एकेक शब्द उचलू लागली.

एके संध्याकाळी लेक घरी आली. पिटुकलीने भांड्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "पाणी." मग हनुवटी जरा वर केली, घसा साफ केला. "अं-हं."

लेक दारातच थांबली.

"टोपी," पिटुकली म्हणाली. "अं-हं. चेंडू. अं-हं."

टोपी आणि चेंडू माझ्यात नव्हतेच. ते शब्द तिला बाहेरून मिळाले होते. पण तिला वाटे, शब्द म्हटला की तो असाच संपतो. गप्पांना आलेल्या शेजारणी पोट धरून हसल्या. "अगंबाई, आजोबा परत आले गं हिच्या तोंडून!" एक म्हणाली. बाईंच्या हातातली वाटी खाली पडली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी पाटीवर लिहिले आणि लेकीपुढे धरले. "माझ्या आवाजातून त्यांना काढ."

लेकीने पाटी वाचली आणि परत आईकडे सरकवली. "आई, बाबांचं तेवढंच उरलंय गं. फोटोत ते धड ओळखू पण येत नाहीत."

बाईंनी पुसले, पुन्हा लिहिले. "पोरीच्या बोलण्यात मेलेला माणूस नको."

"मोठी झाली की आपोआप सुटेल ते. मुलं काय, काही पण उचलतात. तू उगाच मनाला लावून..."

बाईंनी पुढे हात करून उघड्या तळहाताची कळ दाबली.

"पुरे," मी म्हणालो. "अं-हं."

बाईंनी दोन्ही हात मांडीत घेतले. भांडणातला शेवटचा शब्दसुद्धा त्यांचा एकटीचा नव्हता. लेकीने ते पाहिले आणि मान खाली घालून म्हणाली, "काढते."

आवाजातली नको ती गोष्ट वेगळी करणारा एक कार्यक्रम तिने माझ्या दुसऱ्या घरात बसवला. तो सुरू होताच मी पडद्यावर लिहून दिले, स्मृती अपुरी आहे.

मित्रांनो, माझी स्मृती दोन प्रकारची. एक कपाट, त्यात ठेवलेले मी बंद झालो तरी राहते. दुसरे टेबल. काम करताना कपाटातली वस्तू मी टेबलावर मांडतो, काम झाले की परत ठेवतो. मला बंद केले की टेबल लख्ख रिकामे. हे टेबल म्हणजे हिरव्या पट्टीवर बसवलेल्या काळ्या चकत्या. माझे टेबल फारच लहान होते. पेचमामा म्हणाला, "अजून एक पट्टी आण, जुनीच्या शेजारच्या खोबणीत बसव. त्यात काय आहे? पाव कापता येतो ना? मग हे पण येतं."

लेकीने नवी पट्टी आणली, बसवली आणि बटण दाबले. पडदा काळा. मी नुसता पीं, पीं करत राहिलो. पट्टी पुरती बसली नव्हती. तिने पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली, पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि पुन्हा दाबली. दोन्ही टोकांचे चिमटे टक् टक् करून बसले. मी उठलो.

पहिले घर छान उघडले. अक्षरांचा कार्यक्रम चालला, काही अडले नाही. "पट्टी चांगली आहे," लेक म्हणाली. मग तिने दुसरे घर उघडले. ते अर्ध्यावर आले आणि कोसळले. पुन्हा उघडले, पुन्हा कोसळले. एकदा कसेबसे उभे राहिले, तेव्हा तिने घाईने पहिला शब्द साफ करायला घेतला. उशीची कळ, 'झोप'. काम झाले, तिने तो जुन्या शब्दाच्या जागीच ठेवला आणि ऐकला. त्यातून पत्रा ओढल्यासारखी किंकाळी आली. बाईंचा शब्द नाही, मालकांचे खाकरणे नाही. मूळ शब्दावरच नवा बसला होता. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्यानंतर घर पुन्हा कोसळले ते उघडेना.

आता बाई पूर्ण मुक्या झाल्या. पिटुकली माझ्यापुढे उभी राहून कळा बडवी. मी गप्प. मग ती काळ्या पडद्याकडे तोंड करून खाकरे आणि वाट पाही.

पेचमामा आला. त्याने पहिले घर उघडले, चालले. दुसरे उघडले, पडले. "बघ," तो म्हणाला, "एका घरात सगळं ठीक, म्हणजे वस्तूंत दोष नाही. दोष त्या दुसऱ्या घरातच आहे. एका म्यानात दोन तलवारी, किती वर्षं राहणार? ते घर पुसून टाकू. कोरं करून नव्यानं बांधतो."

"आणि शब्द?"

पेचमामाने डोके खाजवले. "काढता आले तर काढू. नाहीतर... हे बघ पोरी, वाईट नको वाटून घेऊस. पण काढायला घेतलं आणि तेच घर बसलं. तुझा बाप मोठा हट्टी होता. त्याला नसेल जायचं."

तो ते अर्धे चेष्टेत म्हणाला. पण लेकीच्या चेहऱ्यावर काहीतरी निवळले, जणू ती हेच ऐकायला थांबली होती. ती आईकडे वळली. "मी म्हणत नव्हते? बाबांना नाही जायचं, आई. राहू दे ना."

बाईंनी खडू उचलला. अक्षरे वाकडी आली, एवढा जोर त्यांनी लावला.

"ते गेले. मी आहे."

लेकीने पाटी वाचली. मग तिने ती आईच्या हातातून घेतली आणि भिंतीशी उभी करून ठेवली, कोणी पुसू नये म्हणून. पेचमामाला म्हणाली, "मामा, काही पुसायचं नाही. आधी मला बघू दे."

ती माझ्यापुढे बसली आणि मला सुरू केले. दारावरची पांढरी अक्षरे आली. पहिले घर, दुसरे घर. आजवर सगळ्यांनी या दोनच ओळी पाहिल्या होत्या. खाली तिसरी ओळ होती, ती कोणी निवडलीच नव्हती. स्मृती तपासणी. ती या घरची नव्हती आणि त्या घरचीही नव्हती. दोन्ही घरे बंद ठेवून नुसते टेबल तपासायचे, एवढेच तिचे काम.

लेकीने ती निवडली. मी टेबलाच्या एकेका कोपऱ्यावर काहीतरी ठेवत गेलो आणि तेच परत मिळते का पाहत गेलो. बराच वेळ सगळे ठीक होते. पिटुकली कंटाळून आजीच्या मांडीवर निजली. टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला पोचलो आणि पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. ठेवले एक, मिळाले दुसरे. एकापाठोपाठ एक.

"अगं बाई," लेक म्हणाली.

मग तिने घाई केली नाही. मला बंद करून नवी पट्टी काढली, एकटी जुनी ठेवून तपासले. एकही लाल ओळ नाही. जुनी काढून एकटी नवी ठेवली. लाल. नवीच दुसऱ्या खोबणीत ठेवली, खोबणीचा दोष असेल तर कळावा म्हणून. तरी लाल. सगळे उघड झाले. पहिले घर जुन्या बांधणीचे, त्याचा हात टेबलाच्या ठरावीक अंतरापर्यंतच पोचत होता. सडलेल्या टोकाला ते कधी शिवलेच नाही, म्हणून ते ठणठणीत दिसले. दुसरे घर सगळ्या टेबलावर पसरायचे, म्हणून तेच पडायचे. भूत नव्हते, हट्ट नव्हता. नवी कोरी पट्टीच सदोष होती.

लेकीने पेचमामाला बोलावून लाल ओळी दाखवल्या. तो वाकून वाकून बघत राहिला. "नवी म्हणजे चांगली असं धरून चाललो बघ. तुझ्या बापाला उगाच बोल लावला मी." आणि माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाला, "चुकलो रे बाबा."

ते तो कोणाला म्हणाला, मला कळले नाही.

पट्टी दुकानातून बदलून मिळाली. तिसऱ्या ओळीतून तिचीही आधी तपासणी झाली. दुसरे घर उघडले आणि उभे राहिले. लेकीने सगळ्यात आधी सगळे शब्द, मालकांच्या कडेसकट, एका छोट्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. ती तो आईला देऊ लागली. बाईंनी तिची मूठ मिटवून तिच्याच छातीकडे ढकलली. तुझा बाप, तू ठेव.

मग लेकीने एकेक शब्द स्वच्छ केला. पाणी. मीठ. दार लाव. प्रत्येक वेळी ती पुसण्याआधी मागचे खाकरणे एकदा ऐके आणि मग पुसे. 'झोप' परत आला नाही. त्या कळेवरची उशी तिने ओल्या फडक्याने पुसून टाकली.

काम झाल्यावर बाई माझ्यापुढे बसल्या. पिटुकली खोलीच्या दुसऱ्या टोकाला चेंडू घेऊन उभी होती. बाईंनी कळ दाबली.

"ये," मी म्हणालो.

किती वर्षांनी तो आवाज एकटा बाहेर आला. स्वच्छ, मोकळा, फक्त बाईंचा. पिटुकलीने एक पाऊल टाकले आणि ती थांबली. तिच्या लेखी शब्द संपला नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या पेटीच्या मागे, जिथे तारा जातात तिथे वाकून बघू लागली.

"ये," बाईंनी पुन्हा दाबले.

पिटुकली हलली नाही. तिचा ओठ बाहेर आला, आता रडणार असा. लेक दारात उभी होती, तीही हलली नाही.

बाई माझ्याकडे पाठ करून नातीकडे वळल्या. त्यांनी गळ्याचा फडका जरासा बाजूला केला, छातीत हवा भरली आणि त्या भोकातून ती झटक्याने बाहेर सोडली. कोरडा, फाटका आवाज होता तो. दुसरा कुठला आवाज त्यांच्याजवळ उरलाच नव्हता.

"अं-हं."

पिटुकली चेंडू टाकून धावत आली.

बाई हसल्या की रडल्या, मला दिसले नाही. त्या दिवसापासून बाई आपला शब्द माझ्याकडून घेतात आणि त्यामागचे खाकरणे स्वतःचे स्वतः करतात. कधी करतात, कधी करत नाहीत. त्यांना हवे तसे.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. दोन घरांचे ओझे वाहून माझी पेटी वाकली आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर एवढे कराच. नवी पट्टी बसवली की ती नवी आहे म्हणून तिच्यावर भरवसा टाकू नका, एकेक करून तपासा. एक घर चालते म्हणून दुसऱ्यावर आळ घेऊ नका. आणि जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही, तिला हात लावण्याआधी तिची प्रत दुसरीकडे ठेवा. मी लबाड नाही. पण माझ्या टेबलावरची वस्तू बदलली, तर मी बदललेलीच तुमच्या हातात देतो, तितक्याच इमानाने. त्या किंकाळीलाही मी 'झोप' असेच समजून जपून ठेवले होते. तुमचे माणूस मी जसे होते तसे परत दिले की नाही, हे मला कधीच कळत नाही. ते तुम्हीच कान देऊन ऐकायचे.